राजाची एक उडी

“मास्तर, बरोबरी मागतोय म्हणावं,” मामंजी पटावरची नजर न काढता म्हणाले.

खोत मास्तर आमचे पंच. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि दिवाळीच्या सुट्टीत बुद्धिबळाची स्पर्धा भरवायचे. ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि हसू दाबत म्हणाले, “कुणाला म्हणावं, आण्णा? सूनबाई तुमच्या समोरच बसलीय की!”

माडीवर जमलेली सगळी माणसं खो खो हसली. खालच्या तालमीतले दोन पैलवान काय झालं म्हणून जिन्यातून डोकावून गेले. मी मान खाली घातली. माझ्या आणि मामंजींच्या मध्ये फक्त एक पट होता, आणि लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

भांडण नव्हतं हो. रीतच तशी होती. कुरुंदवाडच्या पेठेत मगदुमांचं भांड्यांचं दुकान, आणि दुकानाच्या मागं घर. त्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. मग संसार चालायचा कसा? तर भिंतीच्या मदतीनं. स्वयंपाकघर आणि सोपा यांच्या मध्ये एक भिंत होती. तिच्याकडं तोंड करून मी म्हणायची, “चहा निवायला लागलाय, घ्यावा म्हणावं.” पलीकडून मामंजी त्याच भिंतीला सांगायचे, “आलोच म्हणावं.” त्या भिंतीला जीव असता तर ती कंटाळून गाव सोडून गेली असती.

निपाणीहून मी या घरात आले त्या दिवशीच सासूबाईंनी मला एक गोष्ट बजावली होती. “इथं कसं वागायचं म्हणून विचारत बसू नको, मालन. आम्ही करतोय ते बघायचं, आन तसंच करायचं.” मी तसंच करत होते. त्या पदर जसा घेत तसा घेत होते, त्या जितकं मीठ घालत तितकंच घालत होते. कुणाला नावं ठेवायला जागा नव्हती, आणि मलाही तसा त्रास काही नव्हता. फक्त माझ्या पेटीत, साड्यांच्या तळाशी, एक घडीचा पट आणि सोंगट्यांची पिशवी होती, आणि ती आठवली की मला हुरहूर लागायची.

तो पट माझ्या दादाचा, धनपालचा. त्यानं मला बुद्धिबळ शिकवलं होतं, आणि नुसतं सोंगट्या सरकवायला नव्हे. पुस्तकं आणून, डाव लिहून, चांगलं घासून शिकवलं होतं. निपाणीत माझ्याशी खेळायला कॉलेजची पोरं कचरायची. लग्न ठरलं तेव्हा दादा म्हणाला, “तुझे सासरेही पट्टीचे खेळणारे आहेत. नशीब काढलंस.” नशीब काढलं खरं, पण भिंतीच्या अलीकडून कसलं बुद्धिबळ खेळणार?

त्या वर्षी स्पर्धेला सात नावं आली. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं असा नियम, आणि सात म्हटलं की रोज एक जण रिकामा. खोत मास्तर आठव्या माणसासाठी पेठ पालथी घालत आमच्या दुकानात आले. “आमची मालन खेळते की,” माझे यजमान सहज बोलून गेले. ते श्रीपाल मगदूम म्हणजे सरळ मनाचा माणूस, बोलून झाल्यावर विचार करायचा. मास्तरांनी मामंजींकडं पाहिलं. मामंजी तराजूत पितळेचा हंडा ठेवत होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मास्तरांनी माझं नाव लिहून घेतलं.

जाता जाता ते आणखी एक बोलून गेले, आणि त्या बोलण्यानं माझी झोप उडाली. राज्याची महिला स्पर्धा नाशिकला होती. जिल्ह्यातून एक बाई पाठवायची होती आणि आजवर कुणी मिळाली नव्हती. पण जिल्ह्याच्या लोकांची अट होती, तिनं एखाद्या खुल्या स्पर्धेत निम्म्याहून जास्त गुण मिळवलेले हवेत. उगाच कुणालाही पाठवून जिल्ह्याचं हसं नको.

मला नाशिकला जायचं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं. भाकरी थापताना, भांडी पुसताना, देवळात हात जोडताना माझ्या मनात तेवढंच होतं.

सहा डाव झाले तेव्हा माझे तीन गुण होते. तीन जिंकले, तीन हरले. सातवा डाव मामंजींशी. बरोबरी झाली तर माझे साडेतीन, म्हणजे बरोबर निम्मे, म्हणजे नाशिक गेलं. मला जिंकणंच भाग होतं. मामंजींना मात्र अर्धा गुण पुरत होता. बरोबरी झाली की गेल्या सहा वर्षांसारखी यंदाही आमच्या बुद्धिबळ मंडळाची बक्षिसाची ढाल त्यांची. नाहीतर ती बशीर मुल्लांकडं जाणार होती, आणि बशीरचाचा दुपारपासून आमच्या टेबलाशेजारी ठाण मांडून बसले होते.

सकाळी सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, “बरोबरी कर हो. तुझाबी मान राहतोय, त्यांचाबी राहतोय. लोकांना बोलायला नको.” त्यांना नाशिकचं ठाऊक नव्हतं. मी मान हलवली. ती होकाराची होती की कसली, मलाही कळलं नाही.

डाव सुरू झाला. पांढरी मामंजींची. त्यांनी वजिराच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सारलं. मीही माझं तेच प्यादं दोन घरं सारलं. त्यांनी राजाच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढं घेतलं आणि त्या खिडकीत उंट आणून बसवला. मीही तेच केलं. त्यांनी घोडा काढला, मी घोडा काढला. त्यांनी दुसऱ्या कडेलाही तशीच खिडकी पाडून दुसरा उंट बसवला, मीही बसवला. मधली घरं ओस, आणि दोन्ही फौजा कडेकडेनं एकमेकींकडं बघत उभ्या.

“आरसाच लावलाय की हो पटावर!” बशीरचाचा म्हणाले.

“सासऱ्याच्या पावलावर पाऊल,” दुसरं कुणी तरी म्हणालं आणि पुन्हा हसू पिकलं.

लोकांना वाटलं सून भीतीनं नक्कल करतेय. थोडं खरंही होतं. पण दादाच्या पुस्तकात या सुरुवातीला इंग्लिश ओपनिंग म्हणत आणि दोन्ही बाजूंनी सारखं खेळणं त्यात अगदी मान्य होतं. दादानं फक्त एक सांगून ठेवलं होतं. “नक्कल कितीही कर, पण कधी थांबायचं ते तू ठरव. समोरच्याला ठरवू देऊ नको.”

मामंजींची पद्धत मी भिंतीआडून ऐकून ओळखत होते. ते जुन्या देशी बुद्धिबळात वाढलेले. त्या खेळात प्यादं एकेक घरच चालतं, म्हणून त्यांचा हात अजूनही प्यादी जपून सारायचा आणि उंट कडेला बसवायचा. नवे नियम त्यांनी पन्नाशीत शिकून घेतले होते, पण किल्लेकोट काही त्यांच्या गळी उतरला नव्हता. “राजा काय आजारी आहे, हत्तीनं उचलून कोपऱ्यात न्यायला?” असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. त्या दिवशीही त्यांचा राजा मधेच उभा होता. आणि त्यांचं बघून माझाही.

असं करता करता ऊन तिरपं झालं. माडीच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून ते थेट पटावर आलं. तेवढ्यात श्रीपाल दारात येऊन उभे राहिले. त्यांनी वडिलांकडं पाहून सूर्याकडं बोट केलं आणि मग हातानं घास घेतल्यासारखं केलं. आईनं ताट वाढलंय, असा त्याचा अर्थ.

आमचं जैनांचं घर. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं. मावळला की मोठ्यांपैकी कुणी घासच काय, पाण्याचा घोटही घेत नसे. मामंजींनी हा नेम आयुष्यात मोडला नव्हता. त्यांनी खिडकीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि कडेचं प्यादं एक घर सरकवलं. काही न करणारी, नुसती वेळ काढणारी चाल. आणि मग मास्तरांना म्हणाले, “बरोबरी मागतोय म्हणावं.”

हसणं ओसरलं. सगळ्यांना वाटत होतं की मी आता माझंही कडेचं प्यादं एक घर सरकवीन, मान हलवीन, आणि सासरा-सून बरोबरीनं घरी जेवायला जातील. श्रीपालही तोंड भरून हसत उभे होते. म्हातारा माणूस दिवसभर बसलाय, ताट वाढलंय, सूर्य खाली चाललाय. नाही म्हणणारी सून कसली असेल?

मी पदर सावरला. कडेच्या प्याद्यावर माझं बोट जवळजवळ टेकलंच होतं. मग मी हात उचलला आणि वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढं, पटाच्या ऐन मधोमध नेऊन ठेवलं.

आरसा फुटला. बशीरचाचांनी “या अल्ला” म्हटलं. मामंजींनी पहिल्यांदाच नजर वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. राग होता का? आता आठवून पाहिलं तर वाटतं, राग नव्हता. गिऱ्हाईक घासाघीस करेल असं वाटत असताना त्यानं भलतंच भांडं मागावं, तसे ते बघत होते.

“खेळ चालू,” खोत मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. श्रीपाल दारातून गेले नाहीत, तिथंच उंबऱ्यावर बसले.

मधली प्यादी एकमेकांत अडकली, मारली गेली, वाटा मोकळ्या झाल्या. खिडकीतले दोन उंट एकमेकांना भिडून पटाबाहेर गेले. मी संधी साधून किल्लेकोट करून घेतला. मामंजींचा राजा मात्र मधेच राहिला, आणि आता त्याच्याकडं सगळीकडून वारा यायला लागला होता. माझा वजीर एका कडेला बसून त्यांच्या राजाच्या शेजारच्या घरावर डोळा ठेवून होता. तेवढ्यामुळं त्यांना किल्लेकोटही करता येत नव्हता. केला असता की नाही, देव जाणे.

ऊन पटावरून सरकून भिंतीवर गेलं, तिथून छताकडं चढायला लागलं. मामंजी एकदा पटाकडं आणि एकदा त्या उन्हाकडं बघत होते. माझ्याही पोटात कावळे कोकलत होते. आणि त्याहून वाईट म्हणजे मला लाज वाटत होती. या माणसाच्या घरचं मी दोन वर्षं खात होते, आणि आज त्यालाच उपाशी ठेवत होते.

आणि मग मामंजींनी घाईनं राजा उचलला. पटाच्या वरून तिरका नेला आणि दोन घरं पलीकडं, उंट गेल्यामुळं रिकाम्या पडलेल्या खिडकीत, ठेवून दिला. घोडा जसा उडी मारतो, अगदी तशी उडी. हात इतका सराईत होता की क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. मास्तर पाणी ओतून घेत होते. बशीरचाचा चष्मा पुसत होते. मामंजींनी घड्याळाची कळ दाबली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

राजा त्या घरात सुखरूप होता. तिथून त्याला हलवणं मला जमलं नसतं. डाव बरोबरीत गेला असता.

मला मास्तरांना हाक मारता आली असती. पण चारचौघांत पंचाकडं सासऱ्याची तक्रार करायची? गप्पही बसता आलं असतं. कुणी बघितलं नव्हतं, ढाल घरातच राहिली असती, सासूबाई खूश झाल्या असत्या. मामंजींच्या डोक्यामागं माडीची भिंत होती, पांढरी, चुन्यानं रंगवलेली. सवयीनं मी तिच्याकडं बघितलं. मग नजर खाली आणली.

“मामंजी,” मी म्हणाले, “राजा तिथं जात नाही.”

माझाच आवाज मला परका वाटला. मामंजी दचकले. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग पटाकडं, मग आपल्याच हाताकडं.

“मास्तर, इकडं या,” शेवटी ते म्हणाले. “माझी चाल चुकलीय. राजाला घोडा केला मी.”

मास्तर धावत आले. राजा पुन्हा जागेवर ठेवला गेला. पण ज्या सोंगटीला हात लावला तीच हलवायची हा नियम, आणि राजाला जायला आता एकच घर उरलं होतं, नेमकं माझ्या हत्तीच्या वाटेवर, मधे फक्त माझाच घोडा. मास्तर म्हणाले, “आण्णा, घाईत झालं, बाई हो म्हणत असतील तर...”

“बाईंना काय विचारताय? नियम तो नियम,” मामंजी म्हणाले आणि राजा त्या घरात ठेवला.

मग फार वेळ लागला नाही. माझा घोडा बाजूला झाला, मागच्या हत्तीची वाट मोकळी झाली. आमच्या मंडळाची पद्धत अशी की शह दिला की तोंडानं म्हणायचा. तोवरच्या सहा डावांत मी खणखणीत म्हटलं होतं.

“शह,” मी पुटपुटले.

“ऐकू आलं नाही, बाई,” मास्तर म्हणाले.

“मला आलं,” मामंजी म्हणाले.

त्या शहात त्यांचा वजीर गेला. मामंजींनी आणखी एक-दोन चाली केल्या, मग राजा हळूच पटावर आडवा केला आणि उठले. “ढाल मुल्लांना द्या,” म्हणाले. “जपून ठेवा म्हणावं, पुढच्या वर्षी न्यायला येणार आहे.” बशीरचाचांनी उठून त्यांना मिठी मारली. खिडकीत ऊन नव्हतं. सूर्य कधीचाच गेला होता.

घरी जाताना मामंजी पुढं, श्रीपाल मधे आणि मी मागं. सोप्यात पाय ठेवला तर सासूबाई झाकलेल्या ताटांसमोर बसल्या होत्या. त्यांनी श्रीपालकडून सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांचा तोल सुटला.

“पेठेत काय तोंड दाखवू मी आता? सुनंनं सासऱ्याला हरवलं ते हरवलं, वर उपाशी ठेवलं! अगं, एवढी कसली घाई झाली होती तुला मोठं व्हायची?”

मी रडले. स्वयंपाकघरात, चुलीकडं तोंड करून, आवाज न करता. मला जिंकल्याचा आनंद झाला होता आणि आनंद झाला याचीच चोरी वाटत होती.

दिवेलागण झाली होती. सोप्यात काही तरी खडखडलं. मग मामंजींचा आवाज आला, “पिशवीतला एक काळा उंट सापडंना झालाय. कुणी बघितलाय का म्हणावं.”

मी बाहेर डोकावले. मामंजी सतरंजीवर पट मांडून बसले होते. आमचाच डाव, चाल चाल आठवून, जिथं त्यांनी राजा उचलला होता तिथवर लावलेला.

“तुम्ही जेवला नाहीसा, निजा की जरा,” सासूबाई करवादल्या.

“रिकाम्या पोटी झोप येतीय होय? तीबी उपाशीच आहे. येऊ दे तिला.”

मी पटासमोर जाऊन बसले. सापडत नसलेला उंट त्यांच्या मांडीखालीच होता. मी तो उचलून जागेवर ठेवला. मामंजींनी राजा हातात घेतला आणि मघासारखाच उडी मारून खिडकीतल्या घरात ठेवला.

“आमच्या देशी खेळात राजाला ही उडी असते,” ते पटाकडं बघत म्हणाले. “अख्ख्या डावात एकदाच. तीसुद्धा पहिला शह बसायच्या आत. एकदा का शह बसला की ती गेली, मग जन्मभर एकेक घर. वडिलांनी शिकवलं होतं, शह कधी बसंल सांगता येत नाही, उडी राखून ठेवू नको.” त्यांनी राजाच्या डोक्यावरची धूळ बोटानं पुसली. “मी हिच्याएवढा होतो तेव्हा मिरजेहून बोलावणं आलं होतं, मुंबईला खेळायला नेतो म्हणून. दुकान कोण बघणार म्हणून वडील नको म्हणाले. मीही जोर केला नाही. उडी मारायला शिकवणारे तेच, आणि अडवणारेही तेच.”

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण त्या आणखी एक पाऊल पुढं आल्या.

“आज हात आपोआप गेला,” मामंजी म्हणाले. “मला नाशिकच्या त्या चार गुणांचं ठाऊक होतं हो. खोत सांगून गेला होता.”

माझ्या मनात आलं ते तोंडातून निघूनच गेलं. “मग बरोबरी का मागितली?”

“भूक लागली होती,” ते म्हणाले. आणि राजा मूळ जागी ठेवत, “ढालही पाहिजे होती. खोटं कशाला बोलू?”

सासूबाईंना हसू आवरलं नाही. मग मलाही आवरलं नाही. पोटात अन्नाचा कण नसताना आम्ही तिघं त्या दिव्याखाली हसत होतो, आणि दुकानाचा हिशेब मिटवून आलेले श्रीपाल कुणाला वेड लागलं ते बघत उभे होते.

हसणं थांबल्यावर मामंजी सोंगट्या पिशवीत भरायला लागले. माझ्याकडं पाठ केली, घसा खाकरला आणि आमच्या त्या जुन्या भिंतीकडं तोंड करून म्हणाले, “नाशिकला जाताना...”

“मामंजी,” मी म्हणाले, “भिंतीला कशाला? मला सांगा की.”

त्यांचा हात पिशवीत तसाच राहिला. मग ते सावकाश वळले.

“बरं, तुला सांगतो,” म्हणाले. “माझी शाल घेऊन जा, मालन. तिकडं थंडी असते.”